नेपाळ काय परदेश आहे?

शिक्षकाला एक वाईट खोड असते. समोरच्याने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच, मग ते माहीत असो की नसो. वर्गात पोरांसमोर "मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो" असं म्हणणारे शिक्षक मी माझ्या नोकरीत दोनच पाहिले, आणि त्यांत मी नव्हतो. ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. उलट वाढते. कारण आता तपासणीला कोणी येत नाही.

आज लिहायचं आहे ते माझ्या एका वाक्याबद्दल. "नेपाळ काय परदेश आहे?" हे वाक्य मी तीनदा बोललो. तिन्ही वेळा अगदी ठामपणे बोललो, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला द्यावी लागली.

पहिल्यांदा बोललो ते १९९३ साली. आमच्या खानापूर-आटपाडी भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. हा दुष्काळी पट्टा. टेंभू योजनेचं पाणी फार उशिरा आलं. त्याआधी इथल्या पोरांपुढे दोनच वाटा असत, मुंबईची गिरणी नाहीतर गलाई. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करायचं काम. भट्टी, मूस, तेजाब आणि सोनारांच्या दुकानातली केरमाती. त्या केरातून हे लोक सोन्याचे कण काढतात. केरळपासून काश्मीरपर्यंत ज्या गावात सराफकट्टा आहे त्या गावात विट्याकडचा एखादा माणूस सापडतोच. काही जण त्याही पुढे गेले, काठमांडूला.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, मुलगा दहावीला दोनदा बसला आणि दोनदा गणितात गेला. (मामा शाळेत शिक्षक. तेव्हा कोणाची नाचक्की झाली असेल ते ओळखा.) गावातला एक जण काठमांडूत दुकान चालवत होता, तो न्यायला तयार झाला. आक्का घाबरली. "अरे, परमुलखात पाठवू का पोराला?" म्हणून मला विचारायला आली. मी नागरिकशास्त्र शिकवत होतो. मी तिला १९५० चा भारत-नेपाळ मैत्री करार समजावून सांगितला. व्हिसा नाही, सीमा उघडी, एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायची, धंद्याची, मालमत्तेची मोकळीक. "अगं, लिपीसुद्धा आपलीच. नेपाळ काय परदेश आहे?"

आक्का निमूट घरी गेली आणि तिने पोराच्या पिशवीत ज्वारीचं पीठ भरलं.

करारात लिहिलेलं आणि गावात चालणारं यांत अंतर असतं, हे भाच्याने मला हळूहळू शिकवलं. पहिल्याच महिन्यात त्याचा हिशोब चुकला. आपल्याकडे बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. तिकडे तोळा अजून जुन्या मापाचा, ११.६६ ग्रॅमचा, आणि त्याचे शंभर भाग, त्याला 'लाल' म्हणतात. मालकाने त्या महिन्याचा पगार अर्धा दिला. मग पैशाचं गणित. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. भाचा घरी पत्रात "पगार आठशे" लिहायचा आणि आक्का शेजारणीला आठशेच सांगायची. मी एकदा खरा हिशोब करून पाचशे म्हणालो तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढे त्याला स्वतःचं दुकान टाकावंसं वाटलं. तेव्हा कळलं, परदेशी माणसाला नेपाळात जमीन घेता येत नाही, आणि त्यात आपणही आलो. धंदा स्वतःच्या नावावर रीतसर करायचा तर परदेशी गुंतवणुकीच्या कायद्यातून जायचं. त्याची किमान रक्कम २०१९ मध्ये पाच कोटी नेपाळी रुपये झाली, पुढे २०२२ मध्ये दोन कोटींवर आली. भट्टी आणि चार मुशी घेऊन बसणाऱ्याला पाच काय आणि दोन काय! भाचा आजही एका नेवार साहूजींच्या दुकानात भागीने काम करतो. माणूस देवमाणूस आहे म्हणून तीस वर्षं निभावलं. पण कागदावर भाच्याचं तिथे काही नाही. तो म्हणतो, "मामा, माझी तिथली इस्टेट म्हणजे साहूजींचा शब्द."

मी २००८ ला निवृत्त झालो आणि २००९ मध्ये त्याच्याकडे जाऊन आलो. कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, कमानीखालून चालत पलीकडे भैरहवा, आणि रात्रीची बस. पहाटे मुगलिंगच्या पुढे खाली त्रिशूली नदी दिसली तेव्हा अंगावर काटा आला.

काठमांडूत मला सगळ्यात जास्त गंमत पाट्यांची वाटली. लिपी ओळखीची, त्यामुळे धडाधड वाचता येतं, आणि अर्थ मात्र भलताच! 'सुन चाँदी पसल' ही पाटी वाचून मी उभाच राहिलो. सुना कुठे विकतात? सुन म्हणजे सोनं, पसल म्हणजे दुकान. 'वडा कार्यालय' वाचून भूक लागली, तर ते निघालं वॉर्ड ऑफिस. भाचेसून म्हणाली, "घरबेटी आले आहेत", तर आत एक मिशावाले गृहस्थ आले. घरबेटी म्हणजे घरमालक. 'बिदा' म्हणजे निरोप नव्हे, सुट्टी. आणि ती आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा सुरू. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मी तिथे पंधरा दिवस माझं घड्याळ बदललं नाही. कशाला बदलायचं? परदेश थोडाच आहे!

त्या वेळी भाच्याची मुलगी दोन वर्षांची होती. तिच्या जन्माच्या वेळी, २००७ मध्ये, हे वाक्य मी दुसऱ्यांदा बोललो होतो. भाच्याचा फोन आला होता. "मामा, पोरगी झाली. इथले एक जण सांगतात की वडा कार्यालयात जन्मदर्ता करून घे, आणि आपल्या वकिलातीतपण नोंद कर म्हणून. करावं लागतं का?" जन्मदर्ता म्हणजे जन्मनोंद. मी म्हणालो, तिथली नोंद कर, दाखला असावा. वकिलातीत कशाला? "अरे, आईबाप दोघं भारतीय, पोर आपोआप भारतीय. ते अमेरिकेत वगैरे करावं लागत असेल. नेपाळ काय परदेश आहे?"

कायदा काय म्हणतो ते मी सतरा वर्षांनी वाचलं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. 'भारताबाहेर' या शब्दात नेपाळ येतो. कायद्याने माझ्यासारखा भावनेने विचार केलेला नाही.

तिसरी वेळ २०१५ ची. २५ एप्रिलला दुपारी बाराच्या सुमाराला नेपाळात मोठा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. शनिवार होता म्हणून शाळा बंद होत्या, आणि म्हणून पोरगी घरी आईजवळ होती. भिंतीला तडे गेले पण घर उभं राहिलं. चार रात्री ती सगळी मैदानात ताडपत्रीखाली झोपली. भाचा मागे राहिला आणि भाचेसून दोन्ही मुलांना घेऊन गावी आली. एक वर्ष राहिली. ते एका अर्थी बरंच झालं, कारण सप्टेंबरपासून पुढे पाच महिने सीमेवरची वाहतूक अडली. भाचा तिथे लाकडावर भात शिजवत होता, आणि ज्या गल्लीत वीस वर्षं 'दाइ' म्हणून हाक मारत होते त्याच गल्लीत एक-दोघांनी भारताच्या नावाने त्याला चार शब्द ऐकवले. साहूजी मध्ये पडले. हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितलं. आक्काला कधीच सांगितलं नाही.

जूनमध्ये पोरीला गावच्या शाळेत तिसरीत घालायला मीच गेलो. पोरगी हुशार, लिपी येतच होती, फक्त शाळेला 'शाला' म्हणायची. दाखल करून घेणारा शिक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेला. कागद विचारले तर जन्माचा दाखला काठमांडूत, तडे गेलेल्या घरात राहिलेला. जवळ होतं तिच्या शाळेचं ओळखपत्र, त्यावर जन्मतारीख '२०६३ फागुन १४'.

इथे माझी विद्वत्ता जागी झाली. मी म्हणालो, फागुन म्हणजे फाल्गुन, चौदा म्हणजे शुद्ध चतुर्दशी. घरातलं २००७ चं जुनं पंचांग काढलं आणि तारीख दिली, २ मार्च २००७. भाचेसून हळूच म्हणाली, "मामा, मला वाटतं फेब्रुवारी होता." मी म्हणालो, "बाळंतपणात कुठे तारखा लक्षात राहतात?" नेपाळचे महिने तिथीने चालत नाहीत. सूर्याच्या संक्रमणाने चालतात, आपल्या तारखांसारखे एक-दोन-तीन असे. फागुनची १४ म्हणजे २६ फेब्रुवारी. आई बरोबर होती, पंचांगही बरोबर होतं. पंचांग बघणारा चुकला.

मग त्या शिक्षकाने विचारलं, "गुरुजी, जन्मठिकाण काय लिहू? काठमांडू लिहिलं तर वर विचारतील, कागद मागतील." मी म्हणालो, "लिही की आपलंच गाव. नेपाळ काय परदेश आहे?"

त्याने लिहिलं. तो मला नाही म्हणू शकत नव्हता, हे मला तेव्हाही कळत असावं.

त्या शाळेच्या दाखल्यावरून पोरीचं आधार कार्ड निघालं. २०१६ च्या उन्हाळ्यात सगळी परत गेली. आणि पोरीच्या नावाने जगात दोन मुली तयार झाल्या. एक २६ फेब्रुवारीला काठमांडूत जन्मलेली, आणि एक २ मार्चला आमच्या गावात.

वर्षं जात होती. त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. भाच्याने घरी आणायला म्हणून जमवलेल्या भारतीय पाचशेच्या नोटा तिकडच्या तिकडेच राहिल्या. तिथल्या लोकांजवळच्या जुन्या नोटा बदलून द्यायची सोय झालीच नाही. त्याच्या अठ्ठावीस नोटा होत्या, अजून पेटीत आहेत. पुढे २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या, तेव्हा तो हसला. म्हणाला, आता माझ्याकडे बंद करण्यासारखं काही उरलंच नाही. २०२४ च्या मार्चपासून आपल्या फोनवरून तिथल्या दुकानात पैसे देता येऊ लागले. जग सुधारत असतं. कागद मात्र जसे लिहिले तसेच राहतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, पोरगी अठरा वर्षांची झाली. पासपोर्ट काढायला घेतला तेव्हा सगळं बाहेर आलं. वकिलातीत जन्माची नोंद नाही. काठमांडूचा दाखला एक सांगतो, आधार दुसरं सांगतं. अर्ज अडला. अडवणाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या जागी मी असतो तरी अडवला असता.

आणि जुलैत आक्का गेली.

शुक्रवारी रात्री तिला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवा. भाच्याने शनिवारच्या विमानाची चार तिकिटं काढली. भारत-नेपाळ विमानप्रवासाला भारतीय माणसाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीवरच्या म्हाताऱ्यांना. भाचा आणि भाचेसून, दोघांनी गावच्या मतदार यादीत नाव ठेवलेलं, कार्ड होतं. धाकटा चौदा वर्षांचा, तो आधारवर चालला. पोरगी अठराची. तिच्याजवळ फक्त आधार. खिडकीवरचा माणूस सभ्य होता, त्याने वर विचारून पाहिलं, पण नियम तो नियम. वकिलातीतून तातडीचा कागद मिळवावा म्हटलं तर शनिवार, कचेरी बंद. भूकंपाच्या वेळी ज्या शनिवाराने तिला वाचवलं, त्याच शनिवाराने तिला अडवलं.

बाप म्हणाला, मी थांबतो. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. आजी तुमची आई आहे." तिने तिघांना आत पाठवलं आणि एकटी घरी परतली. त्याच रात्री आमच्या भागातलं एक कुटुंब सुट्टीला गावी निघालं होतं, त्यांच्याबरोबर बसने निघाली. सुनौली, गोरखपूर, रेल्वे, कल्याण, पुणे, विटा. मंगळवारी रात्री पोचली.

आक्का शनिवारी संध्याकाळीच गेली होती. भाचा रविवारी पहाटे पोचला, त्याच्यासाठी थांबलो होतो. आषाढी एकादशी होती. सगळे म्हणाले, वारकरीण होती, भाग्याचं मरण आलं. मी काही बोललो नाही. या आजी-नातीचं वर्षभराचं काय नातं जमलं होतं ते मी पाहिलं होतं. तिसरीतली पोरगी आक्काला मराठी पुस्तक वाचून दाखवायची, आक्का तिला भाकरी थापायला शिकवायची. पुढे रोज संध्याकाळी फोन. "तुझ्याकडे किती वाजले गं?" हा आक्काचा रोजचा प्रश्न, आणि पंधरा मिनिटांचा फरक ऐकून रोज नव्याने हसायची.

मंगळवारी रात्री पोरगी आली ती सरळ आक्काच्या खोलीत गेली. रिकाम्या खाटेवर बसली. बाहेर आली तेव्हा मी अंगणात होतो. मी तिला सगळं सांगितलं. २००७ चा फोन, पंचांग, जन्मठिकाण, सगळं. तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, कारकुनाची काहीतरी चूक झाली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आता दुरुस्त कसं करायचं ते सांगा."

शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातली नोंद बदलणं फार अवघड असतं, आणि तसंच असायला हवं. उघड चूक झाली आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं. आम्ही काठमांडूच्या हॉस्पिटलचा कागद आणला, जन्मदर्ता आणला, माझं प्रतिज्ञापत्र केलं. अर्जात चुकीचं कारण लिहायचं होतं. एका जाणत्याने सल्ला दिला, "लेखनिकाचा दोष असं लिहा गुरुजी, सगळे तसंच लिहितात, लवकर होतं." पोरीनेही माझ्याकडे पाहिलं, तिलाही तेच सोपं वाटलं असावं. पण ज्याने लिहिलं तो अजून नोकरीत आहे. त्याने माझा शब्द मानला, एवढाच त्याचा दोष. मी लिहिलं, "सदर नोंद माझ्या चुकीच्या माहितीवरून व माझ्या सांगण्यावरून झाली." खाली सही, आणि नावापुढे 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक'. ते लिहिताना हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू.

शाळेची दुरुस्ती झाली, आधारही बदललं. उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज वकिलातीमार्फत पुढे गेला आहे, परवानगीची वाट पाहतोय. पोरगी आता काठमांडूत कॉलेजात आहे. आमच्या सोसायटीचा रखवालदार नेपाळी आहे. त्याचा मुलगा इथेच जन्मला. मी परवा त्याला विचारलं, जन्माचा दाखला नीट ठेवलास का, तुमच्या वकिलातीत चौकशी केलीस का? तो हसून म्हणाला, "सर, इंडिया तो अपना ही है." मी त्याला खुर्चीत बसवलं आणि आक्काची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने दाखल्याची झेरॉक्स आणून दाखवली.

असो. आपल्या नात्यात आणि गावात ज्यांची मुलं तिकडे जन्मली आहेत त्यांनी आज पेटी उघडून कागद बघावेत. तिथल्या वॉर्डाची नोंद, वकिलातीची नोंद, दोन्हीकडे तारीख एकच आहे ना, मोठ्यांचा पासपोर्ट किंवा मतदार कार्ड आहे ना. फागुन म्हणजे फाल्गुन नव्हे, हे लक्षात ठेवावं. आणि काही शंका असली तर मला फोन करू नका. वकिलातीत विचारा. मला माहीत नाही.